टिक आणि आवाजाच्या मधले चाचा

पहिल्याच भेटीत त्यांनी मला अंगठा दाखवायला सांगितलं.

वारंगा फाट्यावर खिचडीच्या हॉटेलांसमोर मी स्कूटी लावत होते. नोकरीचा तिसरा दिवस होता. पाठीवरच्या बॅगेत चार हिरवे डबे होते. डबा म्हणजे दुकानात ठेवायचा छोटा स्पीकर. गिऱ्हाइकानं मोबाईलवरून पैसे पाठवले की तो मोठ्यानं सांगतो, इतके रुपये मिळाले. हे डबे दुकानोदुकानी बसवायचं माझं काम. समोरून पिवळा टी-शर्ट घातलेला, दाढीला मेंदी लावलेला, पन्नाशी ओलांडलेला एक माणूस सरळ माझ्याकडेच आला. पिवळा रंग दुसऱ्या कंपनीचा. "पिवळ्यांशी बोलायचं नाही, ते आपल्या स्कीम काढून घेतात," असं आमच्या मॅनेजरांनी आधीच बजावून ठेवलं होतं.

"बेटा, अंगठा दाखव."

हा माणूस मला हिणवतोय असंच मला वाटलं. त्यांनी माझ्या हातातल्या फोनकडे बोट केलं.

"एका हातात फोन धर. दुसऱ्या हातात पिशवी हाय असं समज. आता अंगठा वरच्या कोपऱ्यात ने."

मी नेला. पोचला नाही. फोन मात्र हातातून निसटता निसटता वाचला.

"बराबर," ते म्हणाले. "हा फोन तुझ्यासाठी बनवलाच न्हाई. ज्याचे दोन्ही हात मोकळे असतात अशा कोण्या माणसासाठी बनवला, अन् विकला तुला."

एवढं सांगून ते खिचडी खायला निघून गेले. मी तिथेच उभी राहून आणखी दोनदा अंगठा ताणून बघितला.

सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही म्हणू लागले. आखाडा बाळापूरला त्यांचं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, टेप गेले, मग घड्याळं, मग साधे फोन, आणि शेवटी दुकानच गेलं. आजूबाजूच्या सगळ्या बाजारांतले दुकानदार त्यांना नावानिशी ओळखायचे म्हणून पिवळ्या कंपनीनं त्यांना घेतलं होतं. वयानं ते त्यांच्या मॅनेजरपेक्षा दुप्पट असतील. टी-शर्टाच्या आत ते एक बंडी घालायचे आणि तिला बायकोकडून चार खिसे शिवून घेतले होते. चार खिशांत चार फोन. त्यांतले दोन बंद पडलेले होते, पण ते सोबत ठेवायचे, कारण त्यांच्या मते फोन बनवणाऱ्यांना अक्कल होती तेव्हाचे ते फोन होते. चालू असलेल्या दोनांपैकी एकाला दाबायची बटणं होती. बोलता बोलता ते खिशात हात घालून न बघता त्यावर एखादा नंबर दाबायचे आणि मग बाहेर काढून दाखवायचे. एकही आकडा चुकलेला नसायचा.

"आता ह्या काचेवर करून दाखव," असं म्हणत ते माझा फोन पुढे करायचे.

त्यांच्याकडे एक वही होती. शाळेच्या पोरांची असते तशी, दोनशे पानी. तिच्यात ते लोकांचे हात काढायचे. पानावर पंजा ठेवायचा आणि बॉलपेननं भोवती रेघ मारायची. बायांना ते पेन देऊन स्वतःच रेघ मारायला सांगायचे. खाली लिहायचे, 'हळद शिजवते, बोटाचा ठसा उमटत नाही', 'कापूस वेचते, बोट कोरडं, स्क्रीन ऐकत नाही', 'अंगठा कोपऱ्यात पोचत नाही'. अशी पानांवर पानं भरलेली. महिन्याला एकदा त्या पानांचे फोटो काढून ते आपल्या कंपनीच्या सूचनांच्या पत्त्यावर पाठवायचे. 'आपल्या मौल्यवान सूचनेबद्दल आभारी आहोत' असं उत्तर यायचं. पहिलं उत्तर त्यांनी फाट्यावरच्या प्रत्येक हॉटेलवाल्याला वाचून दाखवलं होतं. पुढची दोन-तीन उत्तरं आल्यावर सगळी अक्षर न् अक्षर सारखी आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. पाठवणं त्यांनी थांबवलं नाही. वाचून दाखवणं तेवढं थांबलं.

फोनच्या मागच्या बाजूला कॅमेऱ्याचा जो उंचवटा असतो, त्याचा त्यांना भयंकर राग होता. चहाच्या टेबलावर कुणाचाही फोन दिसला की ते त्याच्या एका टोकाला बोट लावून तो डुगडुग हलवायचे. "लंगडा," म्हणायचे, आणि पेपराची घडी करून खाली सारायचे. अनोळखी माणसाच्या फोनलाही. एकदा एका ट्रक ड्रायव्हरनं त्यावरून त्यांची कॉलर धरली होती. चाचांनी कॉलर सोडवायच्या आधी त्याला शांतपणे विचारलं, "तुमीच सांगा, तुमची गाडी अशी डुगडुगली तर चालवाल काय?" ड्रायव्हर हसला आणि त्यानं चहा पाजला.

ते मला आवडायचे असं तेव्हा मी कबूल केलं नसतं. मला त्यांची भीतीच वाटायची. घरात दरमहा ठरलेला पगार आणणारी मी पहिली. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं घरी बसल्यानंतर मिळालेली ही नोकरी होती आणि ती कधीही जाईल असं मला रोज वाटायचं. आमच्या ॲपवर एक आकडा असायचा. महिन्यात किती डबे बसवायचे आणि किती बसले. मागे पडलं की आकडा लाल व्हायचा. सकाळी उठले की मी आधी तो आकडा बघायची, मग तोंड धुवायची. मॅनेजरचा मेसेज आला की तो उघडायच्या आधी मी आकडा पुन्हा बघायची. आईनं 'काय झालं' विचारलं की मी 'काही नाही' म्हणायची. रोज फाट्यावर चाचा भेटायचे आणि चहासोबत माझ्याशी वाद घालायचे. मला वाटत राहायचं की कुणीतरी बघेल, मॅनेजरला सांगेल.

वाद कंपन्यांचाच असायचा. मी म्हणायची, आमचा डबा सहा महिने फुकट आहे, आवाज गोड आहे, तुमच्यापेक्षा मोठा आहे. ते म्हणायचे, "तुमी गोड करून राहिले, आमचे बी गोड करून राहिले. मंग दोन्ही सारखेच की! आंधळ्या माणसानं कसं वळखायचं कोण बोललं? प्रत्येक डब्याचा आवाज येगळा पाहिजे. खरखरीत असला तरी चालंल."

"खरखरीत आवाज कोण घेईल चाचा?"

"ज्याला गरज हाय तो."

त्यांचा सगळ्यात लाडका विषय म्हणजे टिक आणि आवाज यांच्या मधला वेळ. गिऱ्हाइकाच्या फोनवर हिरवी टिक येते, आणि दुकानातला डबा त्यानंतर थोड्या वेळानं बोलतो. कधी लगेच, कधी रेंज नसली तर बऱ्याच वेळानं. गिऱ्हाईक टिक दाखवून पाठ फिरवतं. दुकानदार डब्याकडे बघत राहतो. चाचा कुठल्याही दुकानात गेले की हा वेळ तोंडानं मोजायचे. एक, दोन, तीन, चार. दुकानदारांना त्याचा वैताग यायचा.

"ह्या मधल्या टायमात दुकानदाराचा जीव टांगलेला असतो," ते म्हणायचे. "दोन कंपन्या एकमेकीच्या नरड्याला लागल्या, पण हा टाइम कमी करावा असं कोणाला वाटंना. टिक रंगवायला मात्र माणसं ठेवली."

"आपण काय करणार? आपण फक्त बसवतो."

"बसवणाऱ्यालाच दिसतं बेटा. बनवणारा तर इथं येत न्हाई."

फाट्याच्या नांदेडकडच्या तोंडाला एक केळीवाल्या मावशी गाडा लावायच्या. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांची नजर हळूहळू गेली. केळं हातात घेऊन ते कधी पिकेल हे त्या अचूक सांगायच्या. नोटा मात्र त्यांना कळेनात. नव्या नोटा आल्यापासून लांबी-रुंदीचा अंदाज चुकायला लागला. मग त्यांचा दीर दिवसभर गाड्याजवळ बसू लागला आणि मावशी त्याच्याच गाड्यावर मजूर असल्यासारख्या झाल्या. चाचांनी तिथे पिवळा डबा बसवला तेव्हा मावशींनी पहिलं काम काय केलं असेल, तर दिराला घरी पाठवलं. हे मला खुद्द मावशींनी सांगितलं होतं. मी पहिल्यांदा गाड्यावर गेले तेव्हा माझा आवाज ऐकून त्यांनी गाव विचारलं, मग आडनाव, आणि मग स्वतःहून म्हणाल्या, "जयभीम बाई. आपल्यातली पोरगी नोकरीला लागली, लई बरं वाटलं."

हे पुढे घडलं त्याच्या आधीचं आहे, आणि तेच मला आजही टोचतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला तो माझ्या कंपनीमुळे नव्हता.

त्या महिन्याच्या शेवटी माझा आकडा लाल होता. तीन डबे कमी पडत होते. मॅनेजरनं सकाळी फोनवर सांगितलं, "आज जमलं नाही तर उद्या आपण वेगळं बोलू." वेगळं म्हणजे काय, हे विचारायचीही हिंमत मला झाली नाही. दोन डबे मी दुपारपर्यंत कसेबसे बसवले. चाचा त्या आठवड्यात बायकोला घेऊन नांदेडला दवाखान्यात गेले होते. मी मावशींच्या गाड्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मावशी, आमचा डबा घ्या. आवाज मोठा आहे. सहा महिने काहीच द्यायचं नाही."

"भाईचा डबा हाय की." चाचांना त्या भाई म्हणायच्या.

"आमच्या डब्यानं मला मदत होईल," मी म्हणाले. हे खरं होतं, आणि तेच बोलायला नको होतं.

मावशींनी हातातला घड बाजूला सारला. "मंग लाव," म्हणाल्या.

चाचांचा डबा गाड्याच्या पुढच्या फळीवर चार स्क्रूंनी गच्च बसवलेला होता. चोरीला जाऊ नये म्हणून बसवला असेल असं समजून मी तो काढून गाड्याखाली ठेवला. माझ्याकडे स्क्रू नव्हते, म्हणून आमचा डबा वरच्या दांडीला हुकानं अडकवला. त्यांच्या स्टिकरवर आमचा स्टिकर चिकटवला. चाचा कधीच दुसऱ्याच्या स्टिकरवर आपला चिकटवत नसत, शेजारी जागा शोधत. मी चिकटवला, घाईत फोटो काढला आणि निघाले. आकडा हिरवा झाला. त्या दिवशी मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

पुढचा आठवडा मी दुसऱ्या भागात होते. परत आले तेव्हा हॉटेलवाल्यानं सांगितलं की मावशींना कुणीतरी फसवलं. एकानं नाही, बऱ्याच जणांनी, आणि बऱ्याच वेळा. रस्त्यावरच्या गाड्या थांबायच्या, लोक केळी घ्यायचे आणि स्वतःच्या फोनमधून डब्यासारखाच रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायचे. अमुक रुपये मिळाले. मावशी घड हातात द्यायच्या. रविवारी सून फोनवरचे मेसेज बघायची, तेव्हा कळलं. आता घरचे म्हणत होते, गाडा बंद करा, नाहीतर दिराला पुन्हा बसवा.

मी गाड्याकडे गेले नाही. स्कूटी वळवली. दोन दिवस मी फाटा टाळून आडरस्त्यानं फिरले. फोन वाजला की वाटायचं मॅनेजर असेल, तक्रार गेली असेल. मावशींचं काय होईल याआधी माझ्या नोकरीचं काय होईल हाच विचार मनात यायचा, आणि मग त्या विचाराचीच लाज वाटायची. तिसऱ्या दिवशी चाचांचा फोन आला.

"फाट्यावर ये."

"चाचा, मला आज..."

"ये."

मी गेले तेव्हा ते मावशींच्या गाड्याजवळ स्टुलावर बसले होते. आता आरडाओरडा होणार असं वाटून मी मनात उत्तरं जुळवत होते. त्यांनी मला तू असं का केलंस वगैरे काही विचारलं नाही. म्हणाले, "ओढणी डोळ्याला बांध. तुझी तूच बांध. अन् गाड्यामागं उभी राहा."

मी बांधली. डोळे झाकल्याबरोबर फाटा एकदम मोठा झाला. एसटीचे हॉर्न, ट्रकचे ब्रेक, नांदेड-हिंगोली ओरडणारे लोक, सगळं एकदम अंगावर आलं. मावशी माझ्या बाजूला बसल्या होत्या. कुणीतरी केळी मागितली. मी चाचपडत घड उचलला. डोक्यावरून आल्यासारखा आवाज आला, चाळीस रुपये मिळाले. मी केळी दिली.

"कोणाला दिली?" चाचांचा आवाज. "तो तर माझा फोन बोलला."

पुन्हा गिऱ्हाईक आलं. पुन्हा आवाज. हा खरा असेल असं वाटलं. तोही खोटा होता. तिसऱ्या वेळी आवाज खरा होता, तर मी केळी धरूनच ठेवली आणि ते गिऱ्हाईक माझ्यावर चिडलं. पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत मी अंदाज बांधणंच सोडलं होतं. आवाज कुठूनही यायचा. वरून, बाजूनं, समोरून. मला रडू येत होतं आणि ओढणीमुळे ते कुणाला दिसत नव्हतं एवढंच.

"आता थांब," चाचा म्हणाले. स्क्रू पिळल्याचा आवाज आला. मग त्यांनी म्हटलं, "हात फळीवर ठेव."

मी तळहात फळीवर ठेवला. आवाज आला आणि त्याच क्षणी लाकूड तळव्याखाली गुरगुरलं. मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यासारखं. पुन्हा आवाज आला, लाकूड गप्प. मी म्हणाले, "हा खोटा." पुढचा खरा. पुढचा खोटा. एकही चुकला नाही.

"मी ह्यासाठी फळीवर बसवला व्हता," चाचा म्हणाले. "ताईला मी सांगितलं व्हतं, कानावर भरोसा ठेवू नका, हातावर ठेवा. तू वर टांगला."

मी ओढणी सोडली. पहिल्यांदा मावशींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "डबा काढताना तू मला सांगितलंस न्हाई की फळीवरून काढून राहिलीस. मला वाटलं तितंच लावशील. हात ठेवला तं फळी गप. मला वाटलं नव्या डब्याचं असंच असतं. तुझ्यावर भरोसा व्हता ना बाई."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

मग चाचांनी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. त्यांनी आपला पिवळा डबा आणि आमचा हिरवा डबा, दोन्ही आळीपाळीनं फळीवर बसवले आणि मावशींना विचारलं, "ताई, कोणता चांगला लागतो हाताला?" मावशींनी दोनदा-तीनदा हात ठेवून बघितलं. नेमकी त्या वेळी समोरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

"हिरवा," त्या म्हणाल्या. "ट्रॅक्टर गेला तरी ह्याचं कळलं."

"बराबर," चाचा म्हणाले. पिवळा टी-शर्ट घालून, स्वतःच्या खिशातले स्क्रू काढून, ते आमच्या कंपनीचा डबा फळीवर पिळायला बसले. मी म्हणाले, चाचा, तुमचा आकडा? ते म्हणाले, "ताईच्या हाताला आकडा कळत न्हाई."

तेवढ्यात माझा फोन थरथरला. मॅनेजरचा मेसेज. मावशींच्या गाड्याचा आधी पाठवलेला फोटो अस्पष्ट आहे, बारा वाजेपर्यंत नवा टाकला नाही तर तो डबा माझ्या नावावरून जाईल. बाराला दहा मिनिटं होती. मी विचार केला नाही, विचारलंही नाही. फोन काढला, फोटो घेतला, पाठवला. आकडा हिरवाच राहिला.

त्या फोटोत चाचांचे हात होते, स्क्रू-ड्रायव्हर होता, आणि पिवळा टी-शर्ट छातीवरच्या नावासकट आला होता. संध्याकाळी आमच्या ग्रुपवर मॅनेजरनं तोच फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'बघा, पिवळ्यांचा माणूस आपलं काम करतोय!' आणि पुढे हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. कुणी तो पुढे पाठवला, तिथून आणखी कुणी. मी तो आमच्या ग्रुपवरून काढायला सांगितलं. मॅनेजर म्हणाले, "एवढं काय त्यात? मस्करी आहे." तिसऱ्या दिवशी पिवळ्या कंपनीनं चाचांकडून टी-शर्ट, बॅग आणि ओळखपत्र परत मागून घेतलं.

आज ते हिंगोलीत मोबाईलच्या कव्हरांच्या दुकानात काम करतात. गिऱ्हाइकाला आधी फोन दाखवायला सांगतात, आणि दहांतल्या चार जणांना म्हणतात, "ह्याला कव्हर नको, हा हातात चांगला बसतो." मालक रोज वैतागतो, पण काढत नाही, कारण बंद फोन ते तिथेच बसून दुरुस्त करून देतात. वही अजून आहे. ती नोकरी मी वर्षभर केली आणि मग सोडली. हे सगळं मी सरळ सांगून टाकतेय, कारण यातलं काहीही पुढे बदललं नाही. कुणी त्यांना परत बोलावलं नाही.

पण त्यांचं काम गेल्यानंतर तीन आठवडे मी त्यांना भेटलेच नव्हते. त्यांना फोटो कुणी काढला हे माहीत नाही, असं मी स्वतःला सांगत होते. मग हॉटेलवाल्याकडून कळलं की ते दर गुरुवारी मावशींच्या गाड्यावर येतात. ट्रकच्या हादऱ्यानं स्क्रू ढिले होतात, ते पिळायला. एका गुरुवारी मी गेले. ते साध्या पांढऱ्या सदऱ्यात वाकून बसले होते. मावशी केळी पुसत होत्या.

मी उभ्या उभ्याच म्हणाले, "चाचा, तो फोटो मी काढला होता."

त्यांनी वर बघितलं नाही. "माहीत हाय मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. कोपऱ्यात तुझ्या ओढणीचं टोक हाय." त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "वाईट वाटलं बेटा. खोटं काहून बोलू? पन्नाशीच्या पुढं आता कोण काम देतं? पर मी म्हणलं, बघू, येऊन सांगती का न्हाई. लई टाइम घेतलास."

"मला भीती वाटत होती."

"ते बी माहीत हाय."

"कोणता फोटो?" मावशींनी विचारलं.

चाचांनी स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा उचलला.

"कोणता फोटो? भाईचं काम काहून गेलं? भाई मला म्हणले व्हते, आता दमलो म्हून सोडलं."

चाचांनी मान खाली घातली. तेव्हा मी सांगितलं. फोटो, मेसेज, ग्रुप, टी-शर्ट, सगळं. मावशींनी हातातलं केळं खाली ठेवलं. त्यांचा चेहरा मी इतका रागावलेला कधीच बघितला नव्हता.

"माझ्या गाड्यावरून ह्या माणसाचं काम गेलं," त्या म्हणाल्या, "अन् फाट्यावर सगळ्यांना माहीत! एकट्या मला न्हाई. ह्यानं बी सांगितलं न्हाई, तू बी न्हाई. मला दिसत न्हाई म्हून सांगायची गरज न्हाई, असंच ना?"

"तसं न्हाई ताई, तुमाला तकलीफ..."

"तसंच हाय भाई. लाव गं तुझ्या सायबाला फोन."

मी लावला. मावशींनी फोन माझ्याकडून घेऊन आडवा धरला आणि जोरात बोलल्या, "मी वारंग्याची केळीवाली बोलून राहिले. माझ्या गाड्यावर ज्यानं डबा बसवला त्याला हसणारा तूच का?" पलीकडून मॅनेजरचा आवाज आला, की मॅडम, ते दुसऱ्या कंपनीचं प्रकरण आहे, आमचा काही संबंध नाही. फोन कट झाला. मावशींनी तो मला परत दिला. काही झालं नाही, आणि काही होणारही नव्हतं. पण चाचा पहिल्यांदाच त्या दिवशी जरा ताठ बसले.

थोड्या वेळानं मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "त्या फोटोत मी बी हाय का?"

"हाव की," चाचा म्हणाले.

"मंग दाखव मला."

मी फोटो काढून फोन चाचांच्या हातात दिला. त्यांनी तो आपल्या पद्धतीनं एका हातात धरला, दुसऱ्या हातानं मावशींचं बोट धरलं आणि काचेवर एकेका जागी नेऊन ठेवू लागले.

"ही फळी. हा डबा. हे माझे हात, स्क्रू पिळून राहिलेत. इतं खाली केळी, दोन घड. अन् हे तुमी. हिरवं लुगडं, पदर डोक्यावर. तुमचा हात फळीवर हाय."

"मी कशी दिसून राहिले?"

चाचांनी चष्मा वर केला आणि फोटो बराच वेळ बघितला.

"ऐकून राहिलेल्या दिसता," ते म्हणाले. "घाबरलेल्या न्हाई."

"अन् ही पोरगी?"

"ही फोटोत न्हाई ताई," चाचा म्हणाले. "पर फोटो थोडा हाललाय. घाबरलेली ती व्हती."

मावशींनी बोट काचेवरून उचललं. मग माझ्या दिशेनं हात पुढे केला आणि म्हणाल्या, "ये, बस इतं. भाई, तिला स्टूल दे."